वेरूळची राणी, दाबोळीच्या पठारावर

शिंदखेड्याच्या आभाळात विमाने दिसतात, पण लहान. तापीपलीकडे शिरपूरला वैमानिक घडवणारी शाळा आहे, धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवर दुसरी. तिथली शिकाऊ विमाने कापूस वेचणाऱ्या बायांच्या डोक्यावरून घरघरत जातात आणि आता कुणी मान वर करूनही पाहत नाही. मोठी विमाने आमच्यावरून जातात ती फार उंचावरून, पांढरी रेघ ओढत. त्यामुळे सैन्यातून निवृत्त झालेले शंभरावर फूट लांबीचे एक विमान पाहायला गोव्याला निघालोय, असे मी सांगितले तेव्हा फलाटावरच्या ओळखीच्या गृहस्थांनी "कथा चालना भाऊ?" (कुठे चाललात?) हा प्रश्न पुन्हा एकदा विचारला. गोव्याला माणसे समुद्रासाठी जातात.

लढाऊ विमान पाहायला इतके लांब जावे लागत नाही. निवृत्त मिग किंवा हंटर चौथऱ्यावर नाक वर करून बसवलेले कुठल्या ना कुठल्या शहरात दिसतेच. मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात मरुत आहे. मालवाहू विमानाच्या नशिबी हे सहसा येत नाही. ते मोठे, बोजड, एका चौकात न मावणारे. त्याच्या नावावर शत्रूचे विमान पाडल्याची नोंद नसते आणि त्याच्या अंगातल्या टनावारी ॲल्युमिनियमला बाजारभाव असतो. ज्या विमानांनी माणसे, दारूगोळा, पीठ, रॉकेल आणि जखमी वाहिले ती बहुतेक भंगारात गेली.

आमच्याच तालुक्यात चिमठाण्याला १४ एप्रिल १९४४ रोजी क्रांतिकारकांनी इंग्रजांचा खजिना लुटला. साडेपाच लाखांच्या त्या रकमेचा मोठा आधार साताऱ्याच्या प्रतिसरकारला झाला. डॉ. उत्तमराव पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी ही नावे आमच्याकडे पोरांनाही पाठ असतात. तो खजिना वाहणाऱ्या गाडीचे पुढे काय झाले, हे मात्र कुणी विचारत नाही. वाहनाची आठवण ठेवायची आपल्याला सवय नाही.

सुरत-भुसावळ मार्ग हा मुळात ताप्ती व्हॅली रेल्वे नावाच्या कंपनीचा. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तो सुरू झाला तो मुख्यतः कापसासाठी. शिंदखेडा सोडले की नरडाणा, अमळनेर, धरणगाव. दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि ऑक्टोबरच्या उन्हात फुटलेली बोंडे. जळगावला अजिंठ्याला जाणारे परदेशी पर्यटक पाठीवरच्या पिशव्या सांभाळत उतरताना दिसतात. माझ्या प्रवासाशी या स्थानकाचा संबंध आहे तो थोडा वेगळा. पन्नासच्या दशकात एअर इंडियाने अमेरिकेच्या लॉकहीड कंपनीची सुपर कॉन्स्टेलेशन विमाने घेतली आणि प्रत्येकाला राणी केले: झाशीची राणी, चितोडची राणी, विजापूरची राणी. त्यांत एक अजिंठ्याची राणी होती आणि एक वेरूळची. मुंबईहून लंडनकडे जाणाऱ्या विमानाच्या नाकावर आपल्या शेजारच्या लेण्यांचे नाव होते, हे मला या वयापर्यंत ठाऊक नव्हते. गोव्यात उभी आहे ती वेरूळची राणी.

भुसावळला गाडी बदलली आणि दक्षिणेचा रस्ता धरला. मनमाडच्या पुढे गाडी नगरकडे वळते. इथून पश्चिमेला नाशिकच्या वाटेवर ओझर आहे, जिथल्या कारखान्यात मिग विमानांच्या पिढ्या जुळवल्या गेल्या. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला तेव्हा वर्तमानपत्रांची पाने भरली होती. डब्यात हा विषय निघाला आणि ओझरला नातेवाईक असलेल्या एका प्रवाशाने मिगचे सगळे प्रकार क्रमाने सांगितले. डाकोटा, पॅकेट, कॅरिबू ही मालवाहू विमानांची नावे मी घेतली तेव्हा त्याने विचारले, "ही प्रवासी विमानं होती का?"

पुणे आले ते संध्याकाळी. लोहगावचा हवाई तळ रुळांवरून दिसत नाही, पण या कथेचा मोठा भाग तिथे घडला आहे. १९६० मध्ये एअर इंडियाकडे बोइंग ७०७ जेट आली आणि १९६२ च्या जूनपर्यंत कंपनी पूर्णपणे जेट विमानांवर गेली. पंख्याच्या राण्या पाच-सहा वर्षांतच म्हाताऱ्या ठरल्या. त्यांतल्या बहुतेक हवाई दलाने १९६१-६२ मध्ये घेतल्या आणि पुण्याच्या सहा नंबरच्या स्क्वाड्रनकडे दिल्या. ज्या पोटात गालिचे आणि भोजनाचे ताट होते तिथे जवान बसू लागले. शिवाय समुद्रात हरवलेल्या नौका शोधणे आणि अरबी समुद्रावर टेहळणी हेही काम आले. एका उड्डाणात अनेक तास हवेत राहू शकणारे विमान आयते मिळाल्यावर त्याचा असा उपयोग होणारच.

याच स्क्वाड्रनकडे लिबरेटर नावाची बाँबफेकी विमानेही होती आणि त्यांची गोष्ट जतनाच्या दृष्टीने मला सर्वांत चटका लावणारी वाटते. दुसरे महायुद्ध संपल्यावर कानपूरला टाकून दिलेली ही विमाने पुन्हा उडू नयेत म्हणून मुद्दाम मोडतोड केलेली होती. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्या ढिगातून सुमारे चाळीस विमाने उडती केली. कानपूरहून बंगळूरपर्यंत ती उडवत नेण्याचे धाडस कंपनीचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी केले. १९६८ अखेर ती निवृत्त झाली तेव्हा जगात दुसरे कुठलेही हवाई दल लिबरेटर उडवत नव्हते. मग इंग्लंड, अमेरिका आणि कॅनडाच्या संग्रहालयांनी ती मागून नेली. जगात आज जी मोजकी लिबरेटर शाबूत आहेत त्यांतली बरीच आपल्याकडून गेलेली आहेत. ज्यांनी ती मोडली त्यांनाच आपण ती दुरुस्त करून परत दिली, आणि आपल्याजवळ दिल्लीच्या पालम संग्रहालयात एक ठेवले. औदार्य म्हणावे की बेफिकिरी, हे ठरवत असतानाच मिरज आले.

बेळगाव मध्यरात्रीच्या सुमारास. इथल्या सांबऱ्याच्या तळावरून गोवामुक्तीच्या कारवाईत १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी हंटर विमाने उडाली आणि त्यांनी बांबोळीचे पोर्तुगीज बिनतारी केंद्र बंद पाडले. त्याच सकाळी पुण्याहून विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली बारा कॅनबेरा विमाने दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकून आली होती. आमची गाडी तीच दिशा धरून चालली होती, फार सावकाश. कॅसल रॉकनंतर घाट सुरू होतो. हा रेल्वेमार्ग एका इंग्रज कंपनीने पोर्तुगीज हद्दीत बांधला. सदतीस फुटांना एक फूट असा चढ असल्याने इथे गाड्यांना जादा इंजिने लावावी लागतात. दूधसागर अंधारात गेला; आवाज तेवढा आला आणि खिडकीतून ओल्या पाल्याचा वास.

वास्को द गामा स्थानक सकाळी जागे होत होते. मुरगावच्या बंदराकडून खनिजाची तांबूस धूळ रस्त्याकडेला बसलेली. गोव्यात मोटारसायकलवरून भाड्याने नेणाऱ्याला पायलट म्हणतात. तेव्हा विमाने पाहायला मी पायलटच्या मागे बसून गेलो. त्याने मराठीत गाव विचारले, मी शिंदखेडा सांगितले, त्याने "शिर्डीजवळ का?" म्हटले आणि मी सोडून दिले. बोगमाळोच्या वाटेवर, दाबोळीच्या पठाराच्या कडेला नौदलाचे वैमानिकी संग्रहालय आहे. १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये ते उघडले.

पठार जांभ्याचे, लालसर, पायाखाली टणक. ही धावपट्टी पोर्तुगिजांनी १९५५ च्या सुमारास बांधली, कारण भारताने नाकेबंदी केल्यावर गोव्याला जगाशी जोडणारा आकाशमार्ग त्यांना हवा होता. डिसेंबर १९६१ च्या त्या दिवशी पोर्तुगिजांची दोन मोठी विमाने इथे अडकली होती. धावपट्टी खड्ड्यांनी भरलेली. रात्री त्यांनी ती जमेल तेवढी बुजवली, अधिकाऱ्यांची कुटुंबे आत भरली आणि अंधारात उरल्यासुरल्या लांबीवरून दोन्ही विमाने उडवून कराचीला नेली. त्यांतले एक सुपर कॉन्स्टेलेशन होते. म्हणजे याच जातीच्या एका विमानाने पळ काढला त्या जागी पुढे दुसरे विश्रांतीला येऊन थांबले. नौदलाने १९६२ मध्ये दाबोळी ताब्यात घेतली आणि १९६४ मध्ये कोईंबतूरजवळच्या सुलूरचा आयएनएस हंसा हा तळ इथे हलवला.

आवारात शिरल्यावर इतर विमाने आधी दिसतात आणि राणी नंतर, कारण ती इतकी मोठी आहे की नजर तिला आधी इमारतीचाच भाग समजते. पंखांचा विस्तार १२३ फूट. पाठ सरळ नाही. नाकापासून शेपटीपर्यंत एक लांब, मऊ बाक आहे. पाय उंच आणि बारीक, कारण पंख्यांची पाती मोठी आणि ती जमिनीला लागता कामा नयेत. मागे एकाऐवजी तीन उभी शेपटे. यामागे शोभेचा हेतू नव्हता. एकच शेपूट ठेवले असते तर ते इतके उंच झाले असते की त्या काळच्या हँगरच्या दारातून विमान आत गेले नसते. दाराच्या उंचीवरून विमानाचा आकार ठरला, हे वाचलेले होते, पण खाली उभे राहून मान मागे टाकल्यावरच पटले.

अंगावर आता नौदलाचे रंग आणि आयएन ३१५ हा क्रमांक आहे. समुद्रावरची टेहळणी हवाई दलाकडून नौदलाकडे सोपवायचे ठरले, तेव्हा १८ नोव्हेंबर १९७६ रोजी पाच सुपर कॉन्स्टेलेशन घेऊन नौदलाची ३१२ क्रमांकाची स्क्वाड्रन उभी राहिली, इथेच दाबोळीला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ही विमाने थकली. चार इंजिने, प्रत्येकात अठरा सिलिंडर, म्हणजे एकूण बहात्तर. आणि धुराच्या जोरावर फिरणारी चक्रे त्या धुराची शक्ती पुन्हा पंख्याला देणारी. फारच हुशार रचना, म्हणूनच फार नाजूक. एक इंजिन वाटेत बंद पडणे इतके नेहमीचे होते की, हे जगातले सर्वांत उत्तम तीन इंजिनांचे विमान आहे, अशी थट्टा वैमानिक करत. सुटे भाग मिळेनासे झाले. १९८८ मध्ये त्याच स्क्वाड्रनला सोव्हिएत तुपोलेव्ह-१४२ मिळाली आणि ती २०१७ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांतले एक विशाखापट्टणमच्या समुद्रकिनाऱ्यावर संग्रहालय झाले.

राणीच्या पंखाखाली सावलीत एक वयस्कर गृहस्थ नातवाला घेऊन उभे होते. साताऱ्याकडचे, नौदलात विमानांच्या देखभालीवर काम करून निवृत्त झालेले. मी त्यांना विचारले, "काका, इथल्या पावसाने याचं काय होत असेल?"

"पावसाचं काही नाही भाऊ. पडतो आणि वाहून जातो," ते म्हणाले. "आत साचतं त्याने मरतं विमान."

मग त्यांनी बराच वेळ समजावले, आणि या प्रवासात मला सर्वांत उपयोगी पडले ते हेच. विमानाचा पत्रा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, बोल्ट आणि कब्जे पोलादाचे. दोन वेगळ्या धातूंमध्ये खारट ओल शिरली की तिथे बारीकशी विद्युतघटमाला तयार होते आणि मऊ धातू झिजू लागतो. लोखंडासारखा तांबडा गंज दिसत नाही. पांढरी भुकटी येते, पत्र्याचे थर फुगतात आणि पापुद्रे सुटतात. बाहेरून रंग ठीक दिसत असतो तेव्हा आत तुळई पोकळ झालेली असू शकते. विमानाच्या पोटाला पाणी निचरायला बारीक छिद्रे असतात. उडणाऱ्या विमानाची ती कुणी तरी रोज पाहते, उभ्या विमानाची पाखरे घरट्यांनी बुजवतात. टायर एकाच जागी महिनोन्‌महिने भार घेऊन चपटे होतात, म्हणून वजन चाकांवर न ठेवता पोलादी टेकूंवर घ्यावे लागते. काचा उन्हाने तडकतात. जुन्या घड्याळांच्या आकड्यांना चमकण्यासाठी रेडियमचा रंग असे, ती काढून वेगळी ठेवावी लागतात. आणि धुणे. समुद्राजवळ असलेले विमान गोड्या पाण्याने सतत धुवावे लागते, उडत असो वा नसो.

"लढाऊ विमान चार माणसं धुतात," काका म्हणाले. "हिला किती लागतील ते बघा." नातू एव्हाना हेलिकॉप्टरकडे पळाला होता.

गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने वारा समुद्राचे मीठ आणतो. शिंदखेड्याला पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही आला तर. तिथे उभा असताना माझ्या मनात आले की विमान ठेवायला याहून वाईट हवा सापडणे कठीण, आणि आमच्यासारखी चांगली हवा आपण दुष्काळ म्हणून ओळखतो. अमेरिकेने हे हेरले आहे. ॲरिझोनाच्या वाळवंटात टूसान शहराजवळ त्यांनी हजारो निवृत्त लष्करी विमाने उघड्यावर रांगेत ठेवली आहेत. हवा कोरडी म्हणून पत्रा टिकतो. आणि जमीन चुनखडीने इतकी घट्ट की काँक्रीट न घालता विमाने ओढून नेता येतात. ऑस्ट्रेलियातल्या हौशी मंडळींनी तिथूनच अमेरिकी हवाई दलाचे एक जुने कॉन्स्टेलेशन घेतले, सुट्ट्या काढून वाळवंटात राहून ते दुरुस्त केले आणि १९९६ मध्ये पॅसिफिक ओलांडून घरी उडवत नेले. सिडनीच्या दक्षिणेला ते आजही आहे. वेरूळच्या राणीची बहीणच ती, पण कोरड्या घरी पडलेली.

आमची हवा चालेल, जमीन चालणार नाही. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. बैलगाडी जिथे आसापर्यंत रुतते तिथे तीस टनांचे विमान उभे राहायचे नाही. जांभ्याच्या पठारावर राणी पक्की उभी आहे, पण वारा तिला खातो. हवा खानदेशची आणि जमीन कोकणची असे काही मिळाले तर ते आदर्श संग्रहालय.

बाकीच्या विमानांपाशी मी घाईने गेलो हे खरे. सी हॉक, अलिझे आणि सी हॅरियर यांच्यापुढे फोटो काढणाऱ्यांची गर्दी होती, विक्रांतच्या प्रतिकृतीपुढेही. थांबलो ते शॉर्ट सीलँडपाशी. पाण्यावरही उतरणारे हे छोटेसे विमान. १९५३ च्या जानेवारीत पहिले सीलँड कोचीला आले आणि भारतीय नौदलाच्या वैमानिकी शाखेची सुरुवात झाली. त्याच्याजवळचे डव्ह हे आणखी साधे, अधिकारी आणि टपाल नेणारे. त्याच्यासमोर कुणीच नव्हते.

मालवाहू विमानाला आपल्याकडे मान मिळाला असे एक उदाहरण आहे. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला पहिल्या शीख बटालियनचे जवान उतरवणारे पहिले डाकोटा व्हीपी ९०५. त्याच क्रमांकाने रंगवलेले एक जुने डाकोटा तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी इंग्लंडमध्ये दुरुस्त करवून हवाई दलाला भेट दिले. त्यांचे वडील एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर डाकोटा उडवत असत. २०१८ च्या एप्रिलमध्ये हे विमान इंग्लंडहून निघाले, मुक्काम करत जामनगरला पोहोचले आणि 'परशुराम' या नावाने हिंडनला दाखल झाले. ते उडते. पण त्यामागे एका मुलाची वडिलांविषयीची माया आणि खिसा दोन्ही होते. इतरांची आठवण कशी राहते? ७ फेब्रुवारी १९६८ रोजी १०२ जणांना घेऊन निघालेले एएन-१२ रोहतांगजवळ बर्फात हरवले. त्याचे अवशेष आणि त्यातल्या माणसांचे देह हिमनदी अजून थोडे थोडे परत देते आहे, २०२४ मध्येही चार सापडले.

परतीच्या वाटेवर घाट दिवसा दिसला, हिरवा आणि ओला, आणि दुसऱ्या दिवशी अमळनेरच्या पुढे डोळ्यांना सवयीचे रूक्ष माळ आले. आमच्या तालुक्यात सगळीच जमीन काळी नाही. साक्री आणि नंदुरबारच्या बाजूला जमिनीतून उभ्या वर आलेल्या काळ्या दगडाच्या भिंतींसारख्या रांगा आहेत, लाव्हा भेगांत थिजून झालेल्या. भूगर्भशास्त्रज्ञ त्या पाहायला मुद्दाम येतात. त्यांच्या पायथ्याला मुरमाड माळ असतो. पीक काही येत नाही. विमान मात्र उभे राहील.

आणि विमाने निवृत्त होणार आहेत. कानपूरला बांधलेली ॲव्ह्रो विमाने साठच्या दशकापासून सैन्याची ने-आण करत आली. पहिले १ नोव्हेंबर १९६१ रोजी उडाले तेव्हा एअर मार्शल सुब्रोतो मुखर्जींच्या स्मरणार्थ त्याचे नाव सुब्रोतो ठेवले होते. या ॲव्ह्रोंच्या जागी छप्पन सी-२९५ येत आहेत, त्यांतली चाळीस वडोदऱ्याच्या टाटांच्या कारखान्यात बनणार आहेत. वडोदरा आमच्या मार्गावरून सुरतेच्या जरा पुढे. जुन्या ॲव्ह्रोंपैकी एक मागावे, पंचक्रोशीतल्या एखाद्या मुरमाड माळावर ठेवावे, असे मी गावात बोलून दाखवले आहे. चौथऱ्याला निधी मिळेल असे ज्यांना यातले कळते ते म्हणतात, उद्घाटनालाही माणसे मिळतील. पोलादी टेकू, छिद्रे साफ करणारा एक पगारी माणूस आणि उन्हाळ्यात टँकरने पाणी पिणाऱ्या तालुक्यात विमान धुवायला लागणारे पाणी, या तीन गोष्टींची मागणी कुठल्या खात्याकडे करायची हे मी सध्या विचारत फिरतो आहे.